संप्रेरकांच्या खांद्यावर बंदूक

मांसाहार चांगला की शाकाहार, हा वाद काही आजचा नाही. पूर्वी त्यात धर्म असायचा, भूतदया असायची, ताकद असायची. आता त्यात हार्मोन (संप्रेरकं) शिरले आहेत. एक बाजू सांगते की सोयाबीन खाणाऱ्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घसरतं, छाती वाढते, म्हणून पुरुषाने मांस खाल्लंच पाहिजे. दुसरी बाजू सांगते की मांस आणि दुधातून जनावरांचे हार्मोन आपल्या पोटात जातात, त्यामुळे मुली लवकर वयात येतात आणि बायकांना स्तनांचा कर्करोग होतो, म्हणून मांस-दूध बंदच केलं पाहिजे. दोघांच्या हातात एकेक अभ्यास असतो. त्यात कोणी, किती आणि किती दिवस खाल्लं होतं, हे मात्र दोघेही सांगत नाहीत.

माझं म्हणणं आधीच मांडतो. आहाराचा हार्मोनवर परिणाम होतो, कधीकधी जिवावर बेतावं इतका होतो. पण तो ज्या वाटांनी होतो त्या वाटा मांसाहार-शाकाहाराचं कुंपण मानत नाहीत. मात्रा किती, तो पदार्थ पचनातून तगतो का, शरीराला ऊर्जा पुरते का, अंगावर चरबी किती आहे, आयोडीन मिळतंय का, हे विचारायला हवं. ते न विचारता कोण मांस खातो आणि कोण नाही, एवढ्यावरून त्याच्या हार्मोनबद्दल बोलणं म्हणजे अंधारात तीर मारणं आहे.

या गोंधळाच्या मुळाशी एक फार जुनी समजूत आहे: ज्याचं मांस खावं त्याचा गुण अंगी येतो. १८८९ साली पॅरिसमध्ये शार्ल-एद्वार ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या ७२व्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला. अंगात तरुणपणीची ताकद परतली, थकवा गेला, काम करण्याचा उत्साह वाढला, असं त्याने विद्वानांच्या सभेत जाहीर केलं. बघता बघता असे अर्क सगळीकडे विकले जाऊ लागले. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच पद्धतीने अर्क काढून मोजला, तेव्हा त्यातलं टेस्टोस्टेरॉन उपचाराला लागणाऱ्या मात्रेच्या हजारो पटींनी कमी निघालं. कारण साधं आहे. वृषण टेस्टोस्टेरॉन साठवून ठेवत नाहीत, तयार होईल तसं रक्तात सोडतात, आणि ते पाण्यात नीट विरघळतही नाही. जिथे ते तयार होतं त्या अवयवाच्या अर्काची ही गत, तर मांडीच्या मांसाच्या तुकड्यातून ते कितीसं मिळणार? मिळालं तरी गिळलेलं टेस्टोस्टेरॉन आतड्यातून थेट यकृतात जातं आणि तिथे त्याची मोडतोड होते. म्हणून तर ते सहसा इंजेक्शनने किंवा त्वचेवर लावायच्या जेलने देतात. इन्सुलिन प्रथिन असल्यामुळे पोटातच पचून जातं. हार्मोन पोटात गेला म्हणजे रक्तात पोचला, असं नसतं.

पण म्हणून कुठलाच हार्मोन तोंडावाटे पोचत नाही असं समजणंही चूकच. थायरॉइडचा हार्मोन पोचतो, त्याची गोळी रोज सकाळी लाखो लोक घेतात. तो शिजवल्यानेही नष्ट होत नाही. १९८४-८५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा, साउथ डकोटा आणि आयोवा या राज्यांच्या सीमेवरच्या भागात अचानक एक साथ दिसू लागली. धडधाकट माणसांच्या छातीत धडधड, झोप उडालेली, हात थरथरताहेत, वजन उतरतंय. रक्तात थायरॉइड हार्मोन भरपूर, पण त्यांची स्वतःची थायरॉइड ग्रंथी जवळजवळ गप्प. म्हणजे हार्मोन बाहेरून येत होता. शोध घेत घेत तपास एका कत्तलखान्यापर्यंत गेला. तिथे जनावराच्या गळ्याकडचं, अन्ननलिकेभोवतीचं मांस खरवडून खिम्यात घातलं जात होतं, आणि श्वासनलिकेला चिकटलेली थायरॉइड ग्रंथी त्याबरोबर खिम्यात जात होती. १२१ रुग्ण नोंदले गेले. ते मांस वापरायला बंदी आली आणि साथ थांबली. मांसातल्या हार्मोनने माणसं आजारी पडल्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आणि यात दोष मांसाचा नव्हता, मांसात मिसळलेल्या एका ग्रंथीचा होता.

भाज्यांच्या बाजूलाही अशी उदाहरणं आहेत. १९२८ साली बाल्टिमोरमध्ये वेगळ्याच रोगाच्या संशोधनासाठी पाळलेल्या सशांना मोठमोठे गलगंड झालेले आढळले. त्यांना मुख्यतः कोबी खायला घातला जात होता. कोबीच्या कुळातल्या भाज्यांमधले काही घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, हे तिथून पुढे उलगडत गेलं. २०१० साली एका ८८ वर्षांच्या बाईंची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. मधुमेह आटोक्यात राहील या समजुतीने त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बोक चॉय ही कोबीच्याच जातीची भाजी कच्ची खात होत्या. त्यांचं थायरॉइडचं काम इतकं मंदावलं की त्या बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आल्या. ज्येष्ठमधाचंही तसंच. त्यातला ग्लायसिरायझिन हा घटक शरीरातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतो, त्यामुळे कॉर्टिसॉल हा ताणाचा हार्मोन शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या हार्मोनसारखा वागू लागतो, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीतच टिकत नाही. पण या उदाहरणांवरून कोबी किंवा ज्येष्ठमध विष आहे असं कोणी म्हणेल का? रोज किलोभर कच्ची भाजी खाणं आणि जेवणात शिजवलेली भाजी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला इथे लगेच पटतं. मग सोयाबीनचा विषय निघाला की हीच समज कुठे जाते?

सोयाबीनविरुद्धचा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही, कारण त्याला भक्कम आधार आहेत. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांमध्ये वांझपणाची लाट आली. त्या ज्या क्लोव्हरच्या कुरणांवर चरत होत्या, त्या गवतात फॉर्मोनोनेटिन नावाचं आयसोफ्लेवोन, म्हणजे काही वनस्पतींत असणारं एक रसायन, भरपूर होतं. मेंढीच्या पोटात त्याचं रूपांतर इक्वॉल या पदार्थात होतं, आणि तो इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा असतो. सोयाबीनमधली आयसोफ्लेवोन त्याच कुळातली. माणसांतही उदाहरणं आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत ६० वर्षांच्या पुरुषाची छाती वाढून दुखू लागली होती, आणि २०११च्या नोंदीत १९ वर्षांच्या मुलाचं टेस्टोस्टेरॉन घसरून लैंगिक तक्रारी सुरू झाल्या होत्या. दोघांनीही सोया बंद केलं आणि हळूहळू तक्रारी गेल्या. हे खरं आहे आणि ते लपवायचं काहीच कारण नाही.

आता मात्रा बघू. ६० वर्षांचे गृहस्थ रोज जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होते. १९ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह होता आणि त्याच्या पोटात रोज सुमारे ३६० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन जात होती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सोया खाणाऱ्या समाजांतही जेवढी सहसा खाल्ली जातात त्याच्या कित्येक पट. मेंढ्यांचा तर जवळजवळ सगळा आहारच ते गवत होतं. शिवाय ही आयसोफ्लेवोन शरीराच्या स्वतःच्या इस्ट्रोजेनपेक्षा फार दुबळी असतात आणि इस्ट्रोजेनच्या दोन ग्राहींपैकी (पेशीत हार्मोन जिथे चिकटतो त्या जागांपैकी) मुख्यतः बीटा ग्राहीला चिकटतात. स्तनांच्या ऊतींची वाढ प्रामुख्याने अल्फा ग्राहीकडून होते. त्यांना इस्ट्रोजेनच्या जातीचं म्हणता येतं, पण ती इस्ट्रोजेनसारखी वागतीलच असं नाही. प्रत्यक्ष पुरुषांवर केलेल्या चाचण्या एकत्र करून २०१० साली एक विश्लेषण झालं, २०२१ साली आणखी चाचण्या धरून ते पुन्हा केलं गेलं. दोन्ही वेळा सोया किंवा आयसोफ्लेवोन घेतल्याने टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. दोन माणसांच्या नोंदी आणि डझनावारी चाचण्या यांत कशाला वजन द्यायचं, हे मांसाहाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी स्वतःला विचारावं.

आता दुसरी बाजू. मांसातल्या हार्मोनच्या भीतीमागे एक खरी शोकांतिका आहे, आणि ती भीती बाळगणाऱ्यांना वेडगळ म्हणणं मला मान्य नाही. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हा कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्सने तयार केला. तो स्वस्त होता आणि तोंडाने घेतला तरी काम करत होता. १९५४पासून अमेरिकेत तो गुरांच्या खाद्यात घालायला परवानगी मिळाली, कारण गुरांचं वजन भराभर वाढायचं. त्याच काळात गर्भपात टळावा म्हणून तो गरोदर स्त्रियांनाही लिहून दिला जात होता. त्याने गर्भपात टळत नाही हे १९५३ सालीच शिकागोतल्या चाचणीत दिसलं होतं, तरी डॉक्टर तो देत राहिले. १९७१ साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्या मातांच्या मुलींना तरुण वयातच योनीमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग होतोय. अभ्यासलेल्या आठ तरुणींपैकी सात जणींच्या आयांनी ते औषध घेतलं होतं. गुरांसाठी त्यावर बंदी यायला मात्र १९७९ उजाडलं. पुढच्याच वर्षी इटलीत लहान बाळांसाठीच्या डबाबंद वासराच्या मांसात डीईएसचे अंश सापडले, लोक खवळले, आणि युरोपने गुरांची वाढ करणाऱ्या हार्मोनवर बंदी घालण्याची वाट धरली. १९८९पासून असं आयात मांसही बंद झालं. त्यावरून अमेरिका आणि कॅनडाशी व्यापारी भांडण जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षं चाललं.

ज्यांनी हे पाहिलं त्यांनी मांसाकडे संशयाने बघावं, यात नवल काय? पण त्या मुलींना कर्करोग झाला तो आयांनी खाल्लेल्या मांसामुळे नव्हे. मिलिग्रॅमच्या मात्रेत लिहून दिलेल्या गोळ्यांमुळे झाला, आणि तोही यकृतातून तगून जाणाऱ्या कृत्रिम रसायनामुळे. आज जिथे गुरांना इस्ट्रॅडिओल हा नैसर्गिक इस्ट्रोजेन देण्याची परवानगी आहे, तिथे हार्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या जनावराच्या शंभर ग्रॅम मांसातला फरक काही नॅनोग्रॅमचा (नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग) असतो. प्रौढ पुरुषाचं शरीर स्वतःच रोज हजारो नॅनोग्रॅम इस्ट्रॅडिओल बनवतं. वयात न आलेल्या मुलांचं शरीर ते फार थोडं बनवतं, म्हणून मुलांच्या बाबतीत जपून राहावं हा युरोपीय तज्ज्ञांनी १९९९ साली मांडलेला मुद्दा मला योग्य वाटतो. गुरांना वाढीसाठी हार्मोन देऊच नयेत, या मताचा मी आहे. पण त्यातून "मांस खाणाऱ्याचे हार्मोन बिघडतात" हा निष्कर्ष निघत नाही.

आणि इथेच कुंपण कसं कोसळतं ते बघा. गुरांना देतात त्या हार्मोनपैकी झेरानॉल हा झिअरालेनोनपासून बनवतात. हे झिअरालेनोन कुठून येतं? मका आणि गहू ओलसर राहिले की त्यांवर फ्युझेरियम ही बुरशी वाढते, तिच्यातून. ते इस्ट्रोजेनसारखं वागतं, बुरसलेलं धान्य खाणाऱ्या डुकरिणींच्या जननेंद्रियांना सूज येते, आणि युरोपात धान्यात ते किती असावं याची मर्यादा ठरवलेली आहे. तेव्हा इस्ट्रोजेनची भीती बाळगायचीच असेल, तर दमट कोठारातलं धान्यही तिच्यातून सुटत नाही.

दुधाबद्दल प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, हे कबूल करतो. गाभण गाईंचं दूध भरपूर प्यायल्यावर पुरुषांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन थोडं उतरल्याचं २०१० सालच्या एका जपानी अभ्यासात दिसलं, पण त्यात पुरुष होते फक्त सात. मोठ्या संख्येने लोकांची तुलना झाली ती ब्रिटनमध्ये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६९६ पुरुष होते: मांसाहारी, शाकाहारी, आणि दूध-अंडीही न घेणारे व्हीगन. सोयाबीनची भीती घालणाऱ्यांनी हा निकाल वाचायला हवा, कारण सर्वाधिक टेस्टोस्टेरॉन व्हीगन पुरुषांत होतं. पण शाकाहाराच्या प्रचारकांनीही त्याचा झेंडा करू नये. त्यांच्या रक्तात लैंगिक हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिनही जास्त होतं, त्यामुळे ऊतींना प्रत्यक्ष वापरता येणारं मुक्त टेस्टोस्टेरॉन तिन्ही गटांत सारखंच निघालं. फरक उरला तो आयजीएफ-१ या वाढीच्या हार्मोनमध्ये, व्हीगन पुरुषांत तो ९ टक्क्यांनी कमी होता. तो जास्त असला तर प्रोस्टेटच्या कर्करोगाची शक्यता वाढते, आणि हाडं-स्नायूंना तो लागतोही. मग कमी असणं चांगलं की वाईट? एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि जो देतो त्याने निकाल आधीच ठरवलेला असतो.

मग आहारातून हार्मोन हलतात कशाने? उपासमारीने हलतात, हे पहिलं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांची कामेच्छा पार विझली. ऊर्जा कमी पडली की मेंदू अंडाशय आणि वृषणांना मिळणारे इशारे मंद करतो. धावपटू मुलींची पाळी थांबते तेव्हा दोष अनेकदा शाकाहाराला दिला जातो, आणि खरं कारण असतं धावण्याच्या मानाने जेवण अपुरं पडणं. जेवणातली चरबी अति कमी केली तर? २०२१ सालच्या विश्लेषणात सहा चाचण्यांमधल्या २०६ पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी चरबीच्या आहाराने १० ते १५ टक्के उतरलेलं दिसलं. मांसवाले हे ऐकून खूश होतात, पण चरबी तेलात आणि सुक्यामेव्यातही असते. पुढच्याच वर्षी त्याच प्रमुख संशोधकाने दाखवलं की ऊर्जेच्या ३५ टक्क्यांहून जास्त प्रथिनं खाल्ली तर टेस्टोस्टेरॉन चांगलंच घसरतं. नुसत्या मांसावर राहणाऱ्यांनी यावर विचार करावा. उलट्या टोकाला पोटावरची चरबी आहे. तिच्यात अॅरोमॅटेझ हे विकर पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करतं, आणि इन्सुलिन चढं राहिलं की बांधून ठेवणारं प्रथिन उतरतं. स्थूल पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं आणि वजन उतरलं की ते वाढतं, मग वजन कुठल्याही जेवणाने उतरो.

स्त्रियांच्या बाबतीत चोथ्याचं काम मला सर्वांत उल्लेखनीय वाटतं. यकृत वापरून झालेलं इस्ट्रोजेन पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले जीवाणू त्याला पुन्हा मोकळं करतात आणि त्यातलं बरंचसं परत रक्तात शिरतं. तंतुमय अन्न भरपूर असेल तर ही ये-जा कमी होते. १९८२ साली शाकाहारी आणि मांसाहारी स्त्रियांची तुलना झाली, तेव्हा शाकाहारी स्त्रियांच्या विष्ठेतून इस्ट्रोजेन जास्त बाहेर पडत होतं आणि रक्तात ते कमी होतं. हा शाकाहाराचा विजय मानायचा का? मैदा, साखर आणि तळणावर जगणाऱ्या शाकाहारी बाईला हा लाभ मिळत नाही. मांसाबरोबर कडधान्यं, पालेभाज्या आणि फळं खाणारीला मिळतो.

वादाला हे वळण का लागतं, याचं उत्तर इतिहासात आहे. १८३०च्या दशकात अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम हा धर्मोपदेशक मांसाने वासना भडकते, म्हणून ते सोडा, असं सांगत गावोगाव हिंडत होता. आजचे मांसाचे पुरस्कर्ते नेमकं तेच विधान करतात, फक्त ते त्यांना हवंसं वाटतं. म्हणजे नैतिक मत आधी ठरतं आणि शरीरशास्त्र मागाहून त्याच्या सेवेला जुंपलं जातं. जनावराला मारून खावं का, हा गंभीर प्रश्न आहे. मांसामुळे जमिनीवर आणि हवेवर पडणारा भार हाही. पण ते प्रश्न स्वतःच्या पायावर उभे राहू शकतात, त्यांना टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यांची कुबडी कशाला हवी? समजा उद्या मांसाने हार्मोन सुधारतात असं निर्विवाद सिद्ध झालं, तर जनावराचं दुःख कमी होणार आहे का?

या भांडणाची किंमत मोजतात ती तिसरीच माणसं. स्तनांच्या कर्करोगातून उठलेली बाई सोयाच्या धास्तीने स्वस्त, चांगलं प्रथिन टाळते. शांघायमध्ये अशा ५,०४२ स्त्रियांचा पाठपुरावा २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सोया जास्त खाणाऱ्यांत कर्करोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं होतं. दूध, मासे आणि अंडी सोडणाऱ्याला आयोडीनची आठवण कोणी करून देत नाही. थायरॉइडची गोळी सोया दुधाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, हे सांगायचं राहून जातं. जिममध्ये सोयाला घाबरणारा मुलगा स्नायू फुगवणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं बिनधास्त घेतो. त्यांनीच त्याचे वृषण आक्रसतात आणि स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं. आणि सतत थकवा, कामेच्छा गेलेली, छातीतून स्राव, अशा तक्रारी असलेला माणूस कधी मांस वाढवून, कधी मांस सोडून महिनेच्या महिने घालवतो. त्याला हवी असते ती सकाळच्या वेळी घेतलेली रक्ताची तपासणी, तिच्यात टेस्टोस्टेरॉनबरोबर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध आणणारा हार्मोन), आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची डॉक्टरांपुढे ठेवलेली यादी. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ असेल तर ती त्यात लक्षात येते. तिच्यावर बहुतेकदा गोळ्यांनीच उपचार होतो, शस्त्रक्रियाही लागत नाही, पण वाढत जाऊन तिने दृष्टीच्या नसेवर दाब देण्याआधी ती सापडायला हवी.